वीज कुठली आणि सातबारा कुणाचा?

विजेचा विषय निघाला की आपल्या बऱ्याच मैत्रिणी गप्प होतात. मेगावॅट, युनिट, भारनियमन हे शब्द इंजिनिअरांचे आणि वीज कंपनीच्या साहेबांचे. आपले विषय मारहाण, पोटगी, रेशन, पाणी. ही वाटणी कुणी आपल्यावर लादली असंही नाही, आपणच ती मुकाट्यानं मान्य केली आहे. मला ती पटत नाही, आणि सध्या गावोगाव जे चाललं आहे ते पाहता ती परवडणारीही नाही.

वर्तमानपत्रांत अधूनमधून तक्ते छापून येतात. कोळशाची वीज अमुक दरानं, पाण्याची तमुक, मग अणूची, वाऱ्याची, सूर्याची. प्रकल्पाचा खर्च किती, युनिटमागे रुपये किती, आणि हल्ली धूर किती. हे आकडे खोटे असतात असं नाही. पण तक्त्याला काही रकाने नसतातच. ज्या जमिनीवर वीज तयार झाली ती कुणाच्या नावावर होती? उरलेली घाण कुणाच्या दारात पडली? आणि गावानं होकार दिला म्हणतात, त्या होकारात बायका होत्या का? हे रकाने घातले की कुठली वीज स्वस्त आणि कुठली महाग याचा हिशेब वेगळाच निघतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. वीज नको म्हणणारी बाई मला आजवर भेटलेली नाही. जिनं वर्षानुवर्षं पहाटे उठून जातं ओढलं आहे तिला पिठाची गिरणी म्हणजे काय ते विचारा. नळयोजनेचा पंप, बाळंतिणीच्या खोलीतला दिवा, पोरीच्या अभ्यासाचा दिवा, सगळं विजेवर. तेव्हा गरजा कमी करण्याचा उपदेश, निदान ज्यांच्या घरी फ्रिज आणि वॉशिंग मशीन आहे त्यांनी तरी खेड्यातल्या बायकांना करू नये. प्रश्न वीज हवी की नको हा नाहीच.

आता महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि साताऱ्याच्या पाटण तालुक्यावर बोट ठेवा. या एका तालुक्यात पाण्याची वीज आहे आणि वाऱ्याचीही. कोयनेचं धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं. आज त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पाण्याच्या विजेचे गुण खरे आहेत. धूर नाही, राख नाही, कोळसा विकत घ्यायला नको. शिवाय जनित्र काही मिनिटांत सुरू करता येतं, त्यामुळे संध्याकाळी घरोघर दिवे आणि शेगड्या एकदम लागतात तेव्हा कोयनाच धावून येते. पण पूर्वेकडे वाहणारी ही नदी बोगद्यांतून पश्चिमेला वळवली, पोफळीच्या बाजूला उतरवली, आणि वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि धरणाच्या पाण्याचा त्याच्याशी संबंध असल्याचं शास्त्रज्ञ मांडत आले आहेत. उठवलेल्या गावांची माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. तिसरी पिढी जमिनीसाठी धरणं धरून बसते. गावं अशी फुटली की बाईचं माहेर एका जिल्ह्यात आणि सासर दुसऱ्या जिल्ह्यात जातं. मार खाल्लेली लेक पूर्वी दोन कोस चालून आईकडे जायची, ती आता कुठं जाणार? युनिटच्या दरात हे कुणी धरत नाही. (मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला तो टाटांच्या वीजधरणाविरुद्धच, आणि ती वीज मुंबईसाठी होती. म्हणजे विजेच्या नावानं उठवणं आपल्याकडे शंभर वर्षांचं आहे.)

त्याच पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाऱ्याच्या विजेला पाणी लागत नाही, इंधन लागत नाही, गाव उठवावं लागत नाही. आपल्याकडे ती सगळ्यात जास्त मिळते पावसाळ्यात, म्हणजे ऊन नसतं तेव्हा, त्यामुळे सूर्याशी तिची जोडी चांगली जमते. तरीही पठारावरच्या जमिनी दलालांमार्फत मातीमोल दरानं गेल्या. नापीक म्हणून त्यांची किंमत ठरली. नापीक कुणाच्या लेखी? तिथं गवत होतं, गुरं चरत होती, गवऱ्यांचं शेण मिळत होतं. व्यवहाराच्या कागदावर सह्या पुरुषांच्या, कारण सातबाऱ्यावर नावं त्यांची.

कोयनेचं पाणी वाशिष्ठीतून जिथं समुद्राला मिळतं त्या दाभोळ खाडीच्या तोंडाशी वेलदूर आहे. गुहागर तालुक्यातलं मच्छीमारांचं गाव. शेजारीच एन्रॉनचा प्रकल्प. तक्त्यात पाहिलं तर वायूची वीज कोळशापेक्षा बरी ठरते. राख जवळजवळ नाही, कर्बवायू निम्म्याच्या आसपास. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, १९९५ मध्ये युतीचं सरकार प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा करत आलं, करार रद्द केला आणि काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी करून तोच प्रकल्प मोठा करून घेतला. गावांचा विरोध चालूच राहिला. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले. दारं फोडून बायकांना घराबाहेर ओढलं, लाठ्यांनी मारलं, गाडीत कोंबलं. मारहाण झालेल्यांत गरोदर बाईही होती. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं आणि १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं या सगळ्यावर अहवाल काढले. प्रकल्पावर तैनात पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती हेही त्यात नोंदलेलं आहे.

आणि पुढं काय झालं? ज्या विजेसाठी हा मार बसला ती इतकी महाग निघाली की २००१ मध्ये वीज मंडळानं ती घेणंच थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉननं अमेरिकेत दिवाळं काढलं. प्रकल्प काही वर्षं बंद पडून राहिला, मग सरकारी कंपन्यांना तो सावरावा लागला. या कहाणीवर अर्थतज्ज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. दर, हमी, विनिमयदर, सगळं. वेलदूरच्या बायका त्या लिखाणात एखाद्या वाक्यापुरत्या येतात. माझ्या मते त्यांच्यापासून सुरुवात करायला हवी. ज्या विजेचा हिशेब लोकांपुढे मांडता येत नाही तिलाच पहाटे पोलीस लागतात.

किनाऱ्यानं दक्षिणेला उतरलं की राजापूर तालुक्यात माडबन आणि साखरीनाटे लागतात. इथं जैतापूरचा ९९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प होऊ घातला आहे. अणूच्या विजेला कर्बवायूचा दोष लावता येत नाही, जमीनही त्या मानानं कमी लागते, आणि ती दिवसरात्र मिळते. हे मान्य करायला हवं. पण उरलेला कचरा हजारो वर्षं सांभाळायचा आहे, आणि कारभार इतका झाकलेला की प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो. फुकुशिमाचा अपघात झाला मार्च २०११ मध्ये. १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात गोळीबार होऊन एक मच्छीमार तरुण मारला गेला. इथला बाईचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मासे पकडतो पुरुष, पण लिलावात उभी राहते, सुकवते, डोक्यावरून नेऊन विकते ती बाई. प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळी दूर गेली तर तिचा धंदा बुडतो. तिला भरपाई कशाच्या आधारावर मागता येईल? समुद्राचा सातबारा नसतो. तिच्या पाटीचाही नसतो. उत्तरेला तारापूरच्या वाढीव अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, त्यांचा पुनर्वसनाचा झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या मच्छीमारांची अडचण हीच होती.

सातबाऱ्याबद्दल बोलताना नर्मदेला वगळता येणार नाही. सरदार सरोवरामुळे नंदुरबार जिल्ह्यातली ३३ आदिवासी गावं बाधित झाली. प्रकल्पाच्या १४५० मेगावॅट विजेपैकी महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात एक व्याख्या होती ती आपल्यापैकी प्रत्येकीनं लक्षात ठेवावी अशी आहे. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. सज्ञान मुलीचा उल्लेखच नाही. म्हणजे एकाच घरातल्या वीस वर्षांच्या भावाचं कुटुंब धरलं जाणार आणि त्याच्या बावीस वर्षांच्या बहिणीचं नाही. घर दोघांचंही बुडणार होतं. ही व्याख्या बदलायला चळवळींना कितीतरी वर्षं लागली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सज्ञान स्त्री असो की पुरुष, वेगळं कुटुंब धरलं जातं. विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रियाही वेगळं कुटुंब. ही तरतूद कुणी दानात दिलेली नाही.

पाण्याची वीज म्हटली की मोठं धरणच, असंही नाही. याच धडगाव भागात बिलगाव आहे. तिथं धबधब्याच्या पाण्यावर गावकऱ्यांनी श्रमदानानं, आंदोलनाच्या आणि केरळातल्या तरुण इंजिनिअरांच्या मदतीनं १५ किलोवॅटचा लहानसा वीजप्रकल्प उभारला. २००३ मध्ये पाड्यांवर दिवे लागले. कुणाचं घर हललं नाही, एक एकर बुडालं नाही. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यानं तो प्रकल्प उद्ध्वस्त झाला. मोठ्या पाणविजेनं छोटी पाणविजच बुडवली! 'पाण्याची वीज स्वच्छ' या एका वाक्यात हे दोन्ही प्रकल्प कसे बसवायचे?

कोळशावर मी थोडक्यात लिहिते, कारण तिथं वाद घालण्यासारखं फारसं उरलेलं नाही. देशात दर १० युनिटांतली सुमारे ७ आजही कोळशाची आहेत. एक युनिट, म्हणजे हजार वॅटची शेगडी एक तास, यासाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४० टक्के. म्हणजे युनिटमागे जवळपास पाव किलो राख. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घरामागे दरमहा २५ किलो. ती आपल्या दारात पडत नाही, चंद्रपूरला, कोराडीला, खापरखेड्याला पडते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला. राखेच्या तळ्याकाठी राहणाऱ्या बायकांना पाणी गाळून भरणं, धुतलेले कपडे पुन्हा धुणं, पोरांचा खोकला सांभाळणं, ही सगळी वाढीव कामं बिनमजुरीची. कोळशात जमीन गेली की नोकरी मिळते हा एक फायदा सांगतात. दोन एकरांमागे एक नोकरी, असं कोळसा कंपन्यांचं धोरण आहे. ती नोकरी घरातल्या कुणाला मिळते हे विदर्भातल्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. मुलगा, मुलगा नसला तर जावई. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालचं काम बंदच केलं होतं, ते २०१९ मध्ये अटी घालून उघडलं. मधल्या काळात बाईला कोळशातून मिळालं ते पोत्यात गोळा करून विकण्याइतकंच, आणि तेही चोरी ठरवून.

मग राहिला सूर्य. दराच्या तक्त्यात आज तो सगळ्यांत वर आहे. राजस्थानात भडला इथल्या २०१७ च्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला होता. धूर नाही, राख नाही, आवाज नाही. शेतीच्या पंपाला दिवसा वीज मिळाली तर रात्री बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणं थांबेल. ही काही लहान गोष्ट नव्हे. अडचण संध्याकाळची आहे. सूर्य मावळतो आणि आपला स्वयंपाक सुरू होतो. त्यासाठी मोठ्या बॅटऱ्या किंवा पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प लागणार, आणि सह्याद्रीत अशा बऱ्याच प्रकल्पांचे करार राज्य सरकारनं अलीकडे कंपन्यांशी केले आहेत. म्हणजे डोंगरातल्या गावांना पुन्हा तळी. त्यावर लक्ष ठेवायला हवं.

तरी मला विचाराल तर माझं मत सरळ आहे. नवा कोळसा नको, विजेसाठी नवं मोठं धरण नको, आज चालतो त्या कारभारात अणू तर नकोच. सूर्य, वारा आणि बिलगावसारखं लहान पाणी हवं. आपल्या काही मैत्रिणी इथंच थांबतात. सूर्य म्हणजे पर्यायी ऊर्जा, पर्यायी म्हणजे आपली. मला हे घाईचं वाटतं. सूर्य सगळ्यांचा असला तरी पट्ट्या जमिनीवरच बसतात, आणि एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्यानं मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत तो गेला. वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला तुटपुंजा मिळाला ही त्याची तक्रार होती. 'स्वच्छ' ऊर्जेच्या काळातली ही गोष्ट आहे.

आता राज्यात सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. गावातल्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, त्यासाठी जमीन भाडेपट्ट्यानं. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पैसे आकर्षक वाटले तर त्यात नवल नाही, मी त्याला दोष देणार नाही. पण भाडं जमा होतं ते सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात. देशातल्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत जमीन कसणाऱ्या दर १०० खातेदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ होत्या. त्या रानात खुरपणीला, वेचणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईचा रोज बुडतो, तिला भाड्यातला पैसाही मिळत नाही. आणि २०१३ च्या कायद्यात आपण मिळवलेलं इथं आपोआप लागू होत नाही. कारण भाडेपट्टा म्हणजे संपादन नव्हे! विधवा, परित्यक्ता वेगळं कुटुंब, ही सगळी लढाई कागदावर जिंकून आपण घरी आलो, आणि जमीन दुसऱ्याच दारानं बाहेर चालली आहे.

गायरानाचं तर आणखी कठीण. सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी आणि गायरानं दिली जात आहेत. कागदावर ती रिकामी असतात. प्रत्यक्षात शेळ्या राखणारी बाई तिथं, सरपण आणणारी तिथं. मराठवाड्यात दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी गायरानं फोडून कसली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ चा आहे, पण तीस वर्षांनंतरही कितीकांची नावं लागलेली नाहीत. त्यात एकट्या बाया पुष्कळ. उद्या कुंपण पडेल तेव्हा त्या नोंदीत अतिक्रमक असतील, बाधित नसतील.

छपरावरच्या सौर योजनेचंही तेच. तीन किलोवॅटला केंद्र सरकार ७८ हजारांपर्यंत अनुदान देतं, पण त्यासाठी छप्पर नावावर हवं. घर दोघांचं करण्याची मोहीम आपण राबवली, ती कागदं आता पुन्हा काढून बघायला हवीत.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. दोष वीज करण्याच्या पद्धतीत नाही, समाजात आहे. सातबारा पुरुषाच्या नावावर आहे हा काय सौर पट्टीचा गुन्हा? बरोबर आहे, नाही. पण पद्धतीपद्धतीत फरक आहेच. कोळशाची राख कुणाच्याही नावावर सातबारा केला तरी राखच राहणार. बुडालेलं गाव वर येत नाही. सूर्याचं तसं नाही. तिथं नुकसान होतं ते करारातून होतं, आणि करार अजून व्हायचे आहेत. म्हणून मला ही वेळ महत्त्वाची वाटते.

आपल्या हातात एक साधन आहे, ते आपण फार कमी वापरतो. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. बहुतेक गावांत ती वहीत होते. घरी सही फिरवतात. ही सभा खरोखर भरवा आणि गायरान देण्याचा ठराव तिथं आधी आणायला लावा. करारनामा मराठीत मागा, तो इंग्रजीत असतो. चराईसाठी किती राखणार ते आकड्यात लिहून घ्या. ज्या बाया तिथं कसतात त्यांची नावं ठरावातच नोंदवा, सात-आठ ओळी वाढल्या तर वाढू द्या. खासगी जमिनीच्या भाड्यासाठी पतिपत्नीचं संयुक्त खातं ही अट आपल्या संघटनांनी राज्य पातळीवर मागायला हवी. प्रकल्पावर पट्ट्या पुसणं, गवत काढणं, राखण करणं ही कामं निघतात. ती बचत गटांना द्यावीत ही मागणीही त्यात घाला, पण रोज किमान वेतनाचा, 'मानधन' नको. आणि ग्रामसेवक म्हणाला की वीज हा महिला सभेचा विषय नाही, तर तेवढं त्याच्याकडून लेखी घ्या.